तिथं देव कोणता?

सोनारीत कागद उघड्यावर ठेवायची सोय नाही. भैरवनाथाच्या देवळाभोवती, आणि म्हणून गावातल्या यच्चयावत पत्र्यांवर आणि कठड्यांवर माकडांचा वावर. कागद दिसला की आत फुटाणे नाहीतर शेंगदाणे असणारच, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. यात्रेकरूंनीच लावलेली सवय. म्हणून अलास्काचा नकाशा आम्ही माजघरात, दाराला कडी घालून पसरला. बार्शीच्या झेरॉक्सवाल्याकडून चार तुकड्यांत छापून आणलेला आणि मागून चिकटपट्टी मारलेला नकाशा. गुंडाळी सरळ राहीना, तेव्हा एका कोपऱ्यावर अडकित्ता, दुसऱ्यावर पितळी तांब्या, तिसऱ्यावर मापटं आणि चौथ्यावर यांचा पाय. उजेडासाठी खिडकीची एक फळी उघडली तेवढ्यात गजांना दोन तोंडं येऊन चिकटली. एकानं आत हात घालून बोटं हवेतच मिटली, उघडली. मग बराच वेळ ती दोघं सिएटलपासून वर जाणाऱ्या निळ्या रेघेकडं आमच्याइतक्याच गंभीरपणे बघत बसली.

लेक सिएटलला असते. मागच्या खेपेला आम्ही गेलो ते बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि खिडकीतून दिसणारा पाऊस एवढीच अमेरिका पाहिली. या वेळी तिनं आधीच बजावलंय, नुसतं नातवाला सांभाळत बसायचं नाही, सात रात्रींची क्रूझ करायची. क्रूझची आमच्या घरात पहिल्याच दिवशी बोट झाली. सिएटलहून निघायचं, एक दिवस नुसता समुद्र, मग जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन, शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिएटल. परंडा तालुक्यात बोट म्हणजे सीना-कोळेगावच्या फुगवट्यावरची मासे धरणाऱ्यांची होडी, आणि तीही धरणात पाणी असेल त्या सालीच. तेव्हा हे सगळं ठरवायचं तरी कुठल्या अनुभवावर?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून कुरडयांचा गहू निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या लांब चाललाव, तर तितं देव कंचा हाय?"

यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "देव न्हाई आत्याबाई. बर्फ बघायला जायचंय."

"बर्फ? त्यो तर रसवंतीत बी असतोय की."

हसायला झालं, पण उत्तर काही देता आलं नाही. कारण नुसतं बघायला जाणं आमच्याकडं नव्हतंच. माणूस नवस फेडायला जातो, दर्शनाला जातो, अस्थी घेऊन जातो, सोयरिकीला जातो, दवाखान्यात जातो. मधल्या वाटेत काय दिसेल ते दिसेल. तुळजापूरला जाताना घाट लागतो म्हणून तो बघायचा. उत्तरेला जाताना नर्मदा लागते म्हणून पुलावरून नाणं टाकायचं. घाट बघायला म्हणून घाटात कुणी गेलेलं मला आठवत नाही. आणि सोनारी तर कायम दुसऱ्या बाजूला राहिलेली. आम्ही जाणारी नव्हे, येणारी माणसं बघितलेलं गाव. लांबलांबच्या गावांचे भैरवनाथ आपलं मूळ इथलं सांगतात. त्यामुळं चैत्राच्या यात्रेला ती गावं मूळ ठिकाणाला भेटायला येतात. चांगभलंच्या गजरात दोन-तीन दिवस गाव आपलं राहत नाही. पण या एवढ्या गर्दीतला एकजणही सोनारीचा माळ बघायला आलेला नसतो. काळी रानं, बाभळी, उन्हानं पांढरे पडलेले रस्ते. देव नसता तर कोण आलं असतं?

'काशीस जावे नित्य वदावे' असं जुनी माणसं म्हणत. जाणं होवो न होवो, जायचं म्हणत राहायचं. त्याचंही पुण्य लागतं. माझे सासरे हे फार मनावर घेतलेले. ज्वारीची रास घरी आली की दरवर्षी त्यांची काशी निघायची. कोण कोण बरोबर, कुठली गाडी, शिधा किती, घरी धार कोण काढणार, सगळं ठरायचं आणि पावसाच्या आत मोडायचं. पुढच्या रब्बीला पुन्हा पहिल्यापासून. शेवटी माळकऱ्यांच्या एका जथ्याबरोबर ते खरंच गेले. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या डब्यातून कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी. काशीचा कोतवाल काळभैरव; त्याचं दर्शन घेतल्याशिवाय काशी पुरी होत नाही म्हणतात. सासरे परत आले ते गंगेच्या गडूपेक्षा याच गोष्टीनं फुगलेले. आपल्याच देवाला तिथं केवढी मोठी नेमणूक, असं मावंद्याच्या पंक्तीत ते प्रत्येकाला थांबवून सांगत होते. जावई तहसीलदार झाल्याचं सांगावं तसं.

मराठी माणसाची उत्तर अशी. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी 1857 मध्ये उत्तरेला निघाले ते यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. सापडले ते बंडाच्या धामधुमीत. दक्षिणेचं जे व्हायचं ते झालं, पण गंगेची कावड घेऊन मात्र ते घरी पोचले. पुढं 1907 मध्ये त्यांचं 'माझा प्रवास' छापून निघालं म्हणून आपल्याला हे सगळं कळलं. त्याच्या चारच वर्षं आधी, 1903 मध्ये, टिळकांनी उत्तरेची हद्द थेट ध्रुवापर्यंत नेऊन ठेवली. वेदातल्या उषेच्या सूक्तांमधली पहाट एवढी लांबलचक का, याचा विचार करता करता ते म्हणाले, ही माणसं मुळात आर्क्टिकची. आजच्या अभ्यासकांना ते पटत नाही, मलाही नाही. पण मला त्यांचा हेवा वाटतो. तिकडं एक पाऊलही न टाकता सहा महिन्यांच्या दिवसाची आणि क्षितिजावरून गोल फिरणाऱ्या पहाटेची त्यांनी किती बारकाईनं कल्पना केली! नित्य वदण्याची याहून मोठी कामगिरी मला माहीत नाही.

आमची बोट ध्रुवाच्या आसपासही जात नाही. जूनो अठ्ठावन्न अक्षांशावर. आर्क्टिक वृत्त अजून बरंच वर राहतं. मी शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा मुलांना रात्री मैदानात उभं करून ध्रुव दाखवायची. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, एवढं एकच वाक्य. सोनारीत तो अठरा अंशांवर, लिंबाच्या शेंड्याला टेकलेला. तिथं मान चांगली वर करावी लागेल. पण दिसेल का, याची शंकाच आहे, कारण आम्ही जाऊ त्या दिवसांत तिथं नीटसा अंधारच पडत नाही.

महिना ठरवायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. बोटी एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि चांगला हंगाम म्हणजे जून ते ऑगस्ट. नेमका आमच्याही पेरणीचा. सात जूनला मृग निघतो आणि त्या दिवशी शेतकऱ्यानं समुद्रात असणं यांना पटेना. "आभाळ भरून आलं तर मी तिकडं काय करू?" असं त्यांनी तीनतीनदा विचारलं, आणि याला लेकीजवळही उत्तर नव्हतं. मग तिनंच मे काढला. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर मेमध्ये पाऊस कमी, भाडं कमी, डोंगरावर बर्फ अजून खालपर्यंत असतो आणि हिवाळा हवाईकडं काढलेले कुबडे देवमासे परत येऊ लागलेले असतात. साल्मन मासे नदीत उलटे चढतात ते पुढं उन्हाळ्यात, ते चुकतील. चुकू देत. चैत्राची यात्रा झालेली, रानं नांगरून तापत पडलेली, मृग लागायचा. कुणब्याच्या वर्षात एवढी एकच फट आहे आणि एका बोटीचा फेरा तीत बसतो, हे यांना कागदावर मांडून दाखवल्यावर कुठं त्यांचा पाय नकाशावरून निघाला.

खोलीचा प्रश्न अजून लोंबकळतोय. सगळ्यात स्वस्त खोली बोटीच्या पोटात, बिनखिडकीची, मग बंद काचेची, मग सज्जाची. भाड्यातला फरक ऐकून मी पोटातली म्हणाले. रात्रीचं झोपायचंच तर आहे, दिवसा वर गच्चीत बसू. यांचं म्हणणं उलटं. पेरणी सोडून, म्हैस भावकीच्या हवाली करून एवढं जायचं आणि आंधळ्या खोलीत निजायचं? शिवाय रात्री नऊ-साडेनऊपर्यंत तिथं उजेड. सज्जा म्हणजे बोटीवरची ओसरी, असं त्यांनी ठरवून टाकलंय आणि ओसरीशिवाय त्यांना घर घर वाटत नाही.

आत्याबाईंना खोलीचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न पाण्याचा. हजारो माणसं आठ दिवस समुद्रावर, तर पितात काय? त्यांना सांगितलं, बोट समुद्राचंच पाणी आत घेते, त्याची वाफ करून किंवा ते बारीक पडद्यातून गाळून गोडं करते; काही पाणी बंदरात भरून घेतात. त्यांनी गहू निवडणं थांबवलं. ज्या बाईनं रात्री दोनला टँकरसमोर घागरींची ओळ धरली आहे, तिला हिमनदीपेक्षा हे मोठं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, ती याच बार्शीच्या मार्गानं. ज्या रुळांच्या वाटेवरून वारकरी पंढरपूरला आणि सासरे काशीला गेले, त्या वाटेवरून पाणी चाललंय हे गावोगावच्या माणसांनी फाटकाशी उभं राहून बघितलं. आणि आता आम्ही केचिकनला निघालोय, जिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी आमच्याकडं ते साल चांगलं म्हणतात. लेक म्हणते, तिथं रेनकोट विसरू नका. रेनकोट! आमच्या घरात रेनकोट असा शेवटचा कुणी विकत घेतला होता?

व्हिसाचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो रंजक नाही; त्यातला एक कायदा तेवढा रंजक आहे. बोट अमेरिकेतून निघते आणि अमेरिकेतच परत येते. मग संध्याकाळच्या चार तासांसाठी कॅनडात कशाला थांबते? तर 1886 चा अमेरिकेचा कायदा आहे. परदेशी निशाणाच्या जहाजानं अमेरिकेच्याच बंदरांमधून उतारूंची ने-आण करायची नाही. करायचीच तर मध्ये परक्या देशाच्या बंदराला शिवून यायचं. या मोठ्या बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या देशांत नोंदवलेल्या. म्हणून व्हिक्टोरियाला पाय लावायचा, आणि म्हणून आम्हा दोघांना कॅनडाचाही व्हिसा काढायचा, बोटांचे ठसे द्यायचे. जहाज वाफेवर चालायचं तेव्हाचा कायदा सोनारीच्या माणसाला मुंबईला हेलपाटा घालायला लावतो. यांनी यावर एकच शब्द उच्चारला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

स्कॅगवेचा दिवस मी माझ्यासाठी राखून ठेवलाय. 1897-98 मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यामागं माणसं धावली ती या बंदरातून. पलीकडं कॅनडाची हद्द लागते. तिथले पोलीस वर्षभराचा शिधा-सरंजाम बरोबर असल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. म्हणजे माणशी जवळजवळ टनभर ओझं, आणि ते पाठीवरून खेपा घालत डोंगरापार न्यायचं. त्यांच्यासाठी 1898 मध्ये रुळ टाकायला सुरुवात झाली आणि 1900 मध्ये रेल्वे पुरी झाली, तोवर सोन्याचा भर ओसरलेला. रुळांची रुंदी तीन फूट. हे वाचलं आणि मी नकाशावरून उठूनच बसले. आमची बार्शी लाइट 1897 ची, रुंदी अडीच फूट! पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच सुमारास दोन चिमुकल्या गाड्या निघाल्या. एक सोन्याकडं, एक विठोबाकडं. आमची पुढं लातूरपर्यंत आणि मिरजेपर्यंत गेली, मग मोठ्या रुळांची झाली आणि तिची नवलाई संपली. त्यांची अजून तेवढ्याच रुंदीची आहे आणि माणसं पैसे मोजून तिच्यातून नुसती खिडकीबाहेर बघत वर जातात, खाली येतात. सासरे असते तर त्यांनी विचारलं असतं, वरच्या टोकाला काय आहे? काही नाही, असं त्यांना सांगायला मला जीभ उचलली नसती.

आणि ग्लेशियर बे. तिथं बोट धक्क्याला लागतच नाही. दिवसाला दोनच मोठ्या बोटी आत सोडतात. बोट आत जाते, बर्फाच्या कड्यासमोर थांबते, हळूहळू गोल फिरते. सगळे कठड्याशी उभे. कडा तुटला तर गडगडाट, नाहीतर शांतता. प्रदक्षिणा आणि दर्शन वेगळं काय असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण आत्याबाईंना हे उत्तर देणं म्हणजे त्यांना फसवणं झालं असतं. 1794 मध्ये इंग्रज दर्यावर्दी व्हँकुव्हरची माणसं तिथं आली तेव्हा उपसागर असा नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागं सरलेला होता. त्याहीआधी, अठराव्या शतकात, तोच बर्फ पुढं आला होता आणि तिथं राहणाऱ्या हुना त्लिंगित लोकांची गावंच्या गावं त्यानं उठवली होती. ते लोक दुसरीकडं जाऊन राहिले. 2016 मध्ये त्या उपसागराच्या काठावर त्यांचं समाजघर पुन्हा उभं राहिलं.

"बर्फानं गाव नेलं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या माहेरची शेतं धरणात गेली आहेत, त्यामुळं यात त्यांना नवल वाटलं नाही, ओळख वाटली. मग मी त्यांना खांबांचे फोटो दाखवले. केचिकनला तांबड्या सीडरचे उंच खांब आहेत, एकावर एक तोंडं कोरलेली: गरुड, अस्वल, देवमासा, डोमकावळा. त्यांची पूजा करत नाहीत. त्यात घराण्याची हकिकत असते, आपण कोण, कुठले. त्या समाजाची दोन अंगं, एक डोमकावळ्याचं, एक गरुडाचं. कावळ्याच्या घरातली सोयरीक कावळ्याच्या घरात करायची नाही, गरुडाकडं करायची. आणि लेकरू आईच्या कुळाचं.

"म्हंजी देवक," आत्याबाई म्हणाल्या.

मी गप्प झाले. लग्नात मांडवात देवक बसवतात, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, आमचं पंचपालवी. एक देवक असलं की सोयरीक नाही. हे मी जन्मभर पाहिलंय आणि खांबांविषयी वाचतानाही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कावळ्यानं पेटीत कोंडलेला सूर्य चोरून जगाला उजेड दिला, ही त्यांची गोष्टही मी आत्याबाईंना सांगितली. त्यांनी ती पसंत केली. कावळा मोठा शहाणा, त्याला पितरांचं कळतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मग बरं हाय. तितं काय बरंवाईट झालं तर पिंडाला शिवायची तरी सोय हाय."

जाण्याला त्यांची परवानगी मिळाली ती अशी. त्यांनी एक अट घातलीय, निघायच्या दिवशी भैरवनाथाला नारळ फोडून जायचं. आणि एक सवलत दिलीय, परत आल्यावर मावंदं घालायची गरज नाही, देव नाही त्यामुळं. ही सवलत यांना मुळीच पसंत नाही. एवढा खर्च करून आल्यावर गावाला चार घास घातले नाहीत तर लोक काय म्हणतील, आणि घातले तर कशाचं म्हणून घातले सांगायचं? यावर रोज रात्री जेवताना बोलणं होतं. सज्जा की पोटातली खोली यावरही होतं. लेक सकाळी फोन करते तेव्हा तिकडं आदली संध्याकाळ असते आणि ती विचारते, झालं का नक्की? झालं नाही असं सांगताना, खरं सांगायचं तर, आम्हाला बरं वाटतं. सासऱ्यांची काशी दरवर्षी मोडायची ती पावसानं की त्यांनी स्वतःच, हे आता विचारायची सोय नाही.

तरी बहुतेक होईल. तिकिटाची मुदत आहे, कॅनडाचा अर्ज भरायचाय, यांना थंडीची टोपी घ्यायचीय. अडचण एकच उरलीय आणि ती कंपनीच्या पत्रकात सापडत नाही. हे माळकरी, आठ दिवसांत एक एकादशी येणार. पत्रकात शाकाहारी जेवण मिळेल असं लिहिलंय, उपासाचं काही नाही. तुमच्यापैकी कुणी हा फेरा करून आला असाल तर एवढं कळवा: बोटीवरच्या स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवून, दाण्याचं कूट घालून खिचडी करून देतात का, की राजगिऱ्याचे लाडू सीलबंद करून इथूनच न्यावेत?